पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच : सुरू न होणाऱ्या डेस्कटॉपचे अनुभव (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

दीपमाळ

आमच्या सोसायटीच्या कार्यालयातला डेस्कटॉप काल सुरू होईना. बटण दाबले की पंखा फिरे, समोरचा दिवा लागे, पण पडद्यावर काहीच उमटत नसे आणि आतून एक लांब व दोन आखूड अशा बीप ऐकू येत. तो आवाज कानी पडताच मला तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्ती शिकत होतो ते दिवस आठवले. आमचे उस्ताद कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावण्याआधी सगळ्यांना गप्प करत आणि आधी नीट ऐकायला लावत. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डावरचा (मुख्य बोर्डावरचा) प्रोग्राम. त्या काळच्या अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब-दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार, आणि थांबून थांबून येणाऱ्या लांब बीप म्हणजे बहुधा रॅमची (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीची). एएमआय कंपनीच्या बायोसचे संकेत वेगळे असतात, म्हणून बोर्डावर कोणते बायोस आहे हे पाहूनच अर्थ लावावा लागतो. काल कार्ड काढून, स्लॉट झटकून, पुन्हा घट्ट बसवले आणि पडदा उजळला.

उस्तादांचा दुसरा आग्रह असे की, संगणक कुठपर्यंत जाऊन थांबतो हे आधी ठरवावे. वीजच पोहोचत नाही, की वीज येते पण बायोसची प्राथमिक तपासणी पूर्ण होत नाही, की तपासणी होते पण हार्ड डिस्क सापडत नाही, की विंडोजचे चिन्ह येऊन पुढे गाडी अडते? या चार जागांची कारणे निरनिराळी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की चांगले सुटे भाग उगाच बदलले जातात. तुमचा संगणक कुठे अडला होता आणि शेवटी काय सापडले, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

वेंगुर्ल्याची वाट

आमच्याकडे किनाऱ्यावर निम्म्याहून अधिक तक्रारी पावसाळ्यातल्याच असतात. खाऱ्या, दमट हवेने रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळकट थर धरतो आणि पंखा फिरूनही पडदा काळा राहतो. वीज पूर्ण बंद करावी, रॅम काढावी, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, रबराचा चुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्क आवाज करून बसेपर्यंत रॅम दाबावी. दोन रॅम असतील तर एकेकच लावून पाहावी आणि स्लॉटही बदलून पाहावेत, म्हणजे दोष रॅमचा आहे की स्लॉटचा हे कळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर रबरापेक्षा ते उत्तम.

गंजाचा दुसरा बळी म्हणजे समोरचे बटण. आमच्या एका दुकानदार शेजाऱ्यांचा संगणक सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडायचा आणि त्यांना नवा मदरबोर्ड घ्यायला सांगण्यात आले होते. बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले तर संगणक सक्तीने बंद होतो, ही सोय सर्वांनाच ठाऊक आहे. इथे गंजलेले बटण आत अडकून राहत होते आणि बोर्डाला ते धरून ठेवल्यासारखेच वाटत होते. बटणाची वायर बोर्डावरून काढली, तिच्या जागी रीसेट बटणाची वायर लावली आणि त्यांचा संगणक आजही रीसेटच्या बटणानेच सुरू होतो.

अक्षरजुळणी

माझ्या छपाईच्या कामासाठी जुना विंडोज एक्सपीचा संगणक जिवंत ठेवणे भाग आहे. युनिकोडपूर्व (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांच्या आधीच्या) फाँटमध्ये जुळवलेले कित्येक दिवाळी अंक आणि पुस्तके त्यात आहेत, आणि त्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालू होण्यासाठी लागणारी किल्लीसारखी डबी) मागच्या पॅरलल पोर्टलाच (जुन्या प्रिंटरच्या जोडालाच) लागतो. नव्या संगणकावर त्याच फायली उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणून तो इंटरनेटला जोडत नाही, पण बंदही पडू देता येत नाही.

मध्यंतरी रोज सकाळी तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसू लागली आणि पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा अशी सूचना येऊ लागली. कारण सरळ होते : बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती. ती ३ व्होल्टची, नाण्याएवढी, घड्याळाच्या दुकानातही मिळणारी बॅटरी बदलली आणि खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. आता एक्सपीचे चिन्ह दिसून लगेच ७बी क्रमांकाचा, बिघाड सांगणारा निळा पडदा येई. बॅटरी निघाल्यावर बायोसच्या सर्व निवडी मूळपदावर गेल्या होत्या, आणि आमच्या बोर्डात साटा (आजच्या जोडाच्या) डिस्कसाठी मूळ निवड एएचसीआय ही आहे. एएचसीआय आणि आयडीई या डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती आहेत. एक्सपी मात्र आयडीई पद्धतीत बसवलेली होती, त्यामुळे तिला स्वतःची डिस्कच ओळखता येईना. ती एक निवड परत आयडीई केली आणि सगळे पूर्ववत झाले. विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला त्या दिवशी मिळाला होता. तो ऐकला असता तर सॉफ्टवेअरची आणि फाँटची सारी मांडणी गेली असती. बॅटरी काढण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो घ्यावा, असे मी सर्व मुद्रक मित्रांना सांगते. पॅरलल पोर्टची निवडही त्याच वेळी तपासावी, नाहीतर डोंगल सापडत नाही.

दीपमाळ

ताई, ही एएचसीआयची गोष्ट फार मोलाची आहे. विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकांतही बॅटरी बदलल्यावर हाच निळा पडदा येतो आणि दोष विनाकारण हार्ड डिस्कवर ढकलला जातो.

ओहमचा विद्यार्थी

वीजच येत नाही अशा वेळी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तपासण्याची रीत सांगतो. मुख्य बटण बंद करून मदरबोर्डाचा २४ पिनांचा जोड आणि बाकीचे सर्व जोड काढावेत. त्या २४ पिनांतली हिरवी वायर आणि कोणतीही एक काळी वायर एका तारेच्या तुकड्याने जोडावी आणि मग मुख्य बटण चालू करावे. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा होतो. तो फिरला म्हणजे एसएमपीएस निर्दोष, असे मात्र समजू नये, कारण भार नसताना ठीक दिसणारा एसएमपीएस भार येताच कोसळू शकतो. म्हणून मल्टिमीटरने पिवळी १२, लाल ५ आणि नारिंगी ३.३ व्होल्ट देते का ते पाहावे. यांत ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. जांभळ्या वायरीवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असले पाहिजेत. ते नसतील तर समोरचे बटण कितीही दाबले तरी काही होणार नाही. करडी वायर बोर्डाला सर्व व्होल्टेज स्थिरावल्याचा निरोप देते. तो निरोप गेला नाही, तर प्रोसेसर रीसेटमध्येच अडकून राहतो, आणि पंखे फिरूनही पडदा काळा राहण्याचे हेही एक कारण आहे. काही नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात; तिथे रंगावर न जाता पिनचा क्रमांक पाहावा.

एक कळकळीची विनंती आहे. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ३२५ व्होल्टच्या आसपास भारित होतो आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ टिकतो.

पारिजात

थोडे वेगळे विचारते. आमचा संगणक सुरू होतो, पण कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि यूएसबी लावताना तो कधीकधी आपोआप पुन्हा सुरू होतो. हे एसएमपीएस खराब झाल्याचे लक्षण समजावे का?

ओहमचा विद्यार्थी

पारिजातताई, बहुतेक वेळा हे अर्थिंग नसल्याचे लक्षण असते. एसएमपीएसच्या फिल्टरमधले लहान कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग जोडलेले असेल तर तो किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट मुख्य विजेच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते आणि टेस्टरचा दिवाही लागतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन छिद्रांचे सॉकेट दिसते, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नसते. वायरमनला फेज आणि अर्थ यांमधले व्होल्टेज मोजायला सांगा. ते फेज आणि न्यूट्रलमधल्या व्होल्टेजच्या जवळ आले पाहिजे. तोवर प्लग चालू असताना यूएसबीचे काही काढू-घालू नका.

यवतमाळचे ऊन

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. एप्रिलमध्ये आमच्या संगणक कक्षातले काही संगणक सुरू होत, विंडोजही येई, आणि मुले बसली की अचानक बंद पडत. मुलांना तासात संगणक मिळणे किती दुर्मीळ आहे हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको, म्हणून जीव तुटत होता. बायोसमधले तापमानाचे पान उघडून नुसते पाहत बसलो, तर प्रोसेसरचा आकडा डोळ्यांदेखत चढत गेला आणि संगणक बंद झाला. प्रोसेसर जळू नये म्हणून तो स्वतःच वीज तोडतो. आत पंख्याच्या चार प्लॅस्टिक पायांपैकी एक पाय बोर्डाच्या भोकातून निसटला होता आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) खडूसारखी कोरडी झाली होती. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी घातली, चारही पाय समोरासमोरच्या जोडीने दाबले, आणि ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले.

एका संगणकाला एवढ्यानेही गुण आला नाही. त्याच्या बोर्डावर प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांची सपाट टोपणे फुगली होती आणि एकातून तपकिरी द्रव गळला होता. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे (कपॅसिटरातल्या द्रावणामुळे) ही तक्रार जगभर आढळली होती. शहरातल्या रेडिओ दुरुस्तीच्या एका काकांनी तेवढ्याच क्षमतेचे कपॅसिटर सोल्डर करून दिले आणि तो बोर्ड चालू झाला.

स्टुटगार्टहून

इथे मी मुलासोबत नवा डेस्कटॉप जोडला. सर्व जोड बरोबर होते, पंखे फिरत होते आणि पडदा काळाच होता, तेव्हा आम्ही तो लगेच बंद केला नाही हे बरे झाले. डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी वेळेचे ताळमेळ जुळवत बसतो, आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा तेवत राहतो, मग विझतो आणि बायोसचे पान येते. मधेच वीज तोडली तर हे सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मॉनिटरची वायर बोर्डाच्या जागेत न लावता ग्राफिक्स कार्डाच्या जागेत लावली आहे ना, हेही आधी पाहावे.

मोगरा

हे सगळे वाचून मन हलके झाले. आमचा संगणक डिस्कच सापडत नाही म्हणत होता. मागे लावून राहिलेला पेनड्राइव्ह काढला आणि तो सुरू झाला, कारण बूटच्या (सुरू होताना डिस्क शोधण्याच्या) क्रमात यूएसबी पहिली होती. बाबांच्या संगणकाचा बोर्ड मात्र खरोखरच गेला आहे. त्यांची हार्ड डिस्क माझ्या संगणकाला लावली तर फोटो मिळतील का?

दीपमाळ

मोगरा, डिस्क शाबूत असेल तर नक्की मिळतील. साटा ते यूएसबी अशी वायर किंवा डबी बाजारात मिळते, तिने ती बाहेरूनच जोड. साडेतीन इंची डिस्क असेल तर वेगळा वीजपुरवठा असलेलीच डबी घे, कारण नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नकोस. अशा वेळी डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणत्या माणसाकडेच जा. बाबांचा संगणक विंडोज १० किंवा ११चा असेल तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असण्याची शक्यता आहे, आणि मग तुझा संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तेव्हा त्यांच्या फोनवरून त्या खात्यात जाऊन आधी की लिहून घे आणि मगच डिस्क जोड.