लॉक, गोळा आणि ठोकळा: दृष्टी आलेला जन्मांध नुसतं बघून ओळखेल का?

शेवटचा_बाक_टीवायबीए
जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ वाचतेय, म्हणजे परीक्षेपुरता. मानवी आकलनावरच्या त्याच्या निबंधाच्या दुसऱ्या खंडाच्या नवव्या प्रकरणात अडकलेय. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने त्याला विचारलं होतं: जन्मांध माणूस चाचपून धातूचा गोळा आणि ठोकळा वेगळे ओळखतो. उद्या त्याला दिसायला लागलं आणि दोन्ही टेबलावर ठेवले, तर हात न लावता कुठला कोणता ते सांगेल का? मॉलिन्यू म्हणाला नाही, लॉकही म्हणाला नाही. १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे आलं. आमच्या नोट्समध्ये पुढे एकच ओळ आहे: यावरून अनुभववाद (सगळं ज्ञान अनुभवातूनच येतं हे मत) सिद्ध होतो.

पण पाचव्या प्रकरणात तोच लॉक म्हणतो की आकाराची कल्पना नजर आणि स्पर्श दोघांकडूनही मिळते. मग गोळ्याची कल्पना त्या माणसाकडे आधीपासून आहेच की! त्याला ओळखता यायला हवं. 'नाही' म्हणून लॉक स्वतःच्याच विरोधात जात नाही का? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, पाच मार्कांना एवढं लागत नाही.

घाटावरचा
चार्वाकाला विचार. तो म्हणेल, आधी ऑपरेशन करा, मग बघू.

चष्म्याचा_नंबर
घाटावरचा गमतीत म्हणाला, पण झालं तसंच.

मी तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तत्त्वज्ञान शिकलेली नाही, पण हा प्रश्न माझ्या खुर्चीवर बसतो. जन्मजात मोतीबिंदूची मुलं कधीकधी फार उशिरा येतात, चांगली शाळकरी वयाची. पट्टी निघाल्यावर समोर चमचा धरला की मूल बघतं, कळत काहीच नाही, आणि हात पुढे येतो. आई घाईने म्हणते, 'अरे चमचा तो!' मी तिला थांबवते. चाचपू दे त्याला.

लंडनचा सर्जन चेसेल्डन याने १७२८ मध्ये अशाच तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मांजर कोणतं नि कुत्रा कोणता हे त्या मुलाला बघून कळेना. विचारायची लाज वाटली, म्हणून त्याने मांजर धरलं, चाचपलं, टक लावून पाहिलं आणि त्या मांजरालाच सांगितलं की पुढच्या वेळी ओळखीन. चित्रं त्याला आधी नुसते रंगांचे डाग वाटत. ती वस्तूंची आहेत हे कळल्यावर हात लावून बघितलं तर सपाट! तेव्हा त्याने विचारलं, खोटं कोण बोलतंय, हात की डोळे? मला हा प्रश्न मॉलिन्यूच्या प्रश्नापेक्षा आवडतो.

पण पुरावा म्हणून ही हकीकत कच्ची आहे. मोतीबिंदूचं मूल ठार आंधळं नसतं. त्या मुलालाही दिवस-रात्र कळत होती, भरपूर उजेडात पांढरा, काळा, लालभडक हे रंगही कळत. शिवाय ऑपरेशननंतर लगेच नीट दिसत नाही. म्हणजे ओळखता आलं नाही ते अनुभव नव्हता म्हणून, की धूसर दिसत होतं म्हणून? इथेच सगळं अडून राहिलं.

ही गाठ दिल्लीत सुटली. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये उशिरा दृष्टी आलेल्या मुलांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. मुलं पाचच, वयं ८ ते १७. प्लास्टिकचे ठोकळे जोडून केलेले आकार, ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत चाचणी. हाताने चाचपलेला आकार पुन्हा हातानेच ओळखायचा: ९८ टक्के बरोबर. पाहिलेला पाहून ओळखायचा: ९२ टक्के. म्हणजे धूसर दिसण्याची सबब गेली. चाचपलेला पाहून ओळखायचा: ५८. छापा-काट्यापेक्षा थोडं बरं, इतकंच.

पण नोट्समधली ती ओळ यानेही सिद्ध होत नाही. त्यांतल्या काही मुलांना थोड्याच दिवसांनी पुन्हा तपासलं तर हाताची आणि डोळ्याची जोड बरीच सुधारली होती, तीही मुद्दाम शिकवणी न देता. इतक्या लवकर जुळतं, तर लॉक म्हणतो तसा मनाचा कागद अगदीच कोरा होता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जोड अनुभवाने होते एवढं नक्की. जोडण्याची ती क्षमता कुठून आली, त्यावर हा प्रयोग गप्प आहे.

आता तुझा विरोध. लॉकची पळवाट त्याच नवव्या प्रकरणात आहे. तो म्हणतो, डोळ्याला गोळा दिसतच नाही. दिसतं सपाट वर्तुळ, कुठे गडद कुठे फिकं. त्यावरून 'हा गोळा' हे आपण सवयीने ठरवतो. त्या माणसाला ती सवय नाही.

शेवटचा_बाक_टीवायबीए
मग गोळा-ठोकळ्याऐवजी सपाट वर्तुळ आणि चौकोन ठेवले तर? पळवाट बंद!

ब्रेलवाचक
फ्रेंच लेखक दिदरोने १७४९ मध्ये हेच सुचवलं. आयरिश तत्त्वज्ञ बर्कली तर १७०९ मध्येच मुळावर गेला होता: हाताचा आकार आणि डोळ्याचा आकार एकच नाहीत, दोघांना सामाईक कल्पनाच नाही. तुझा मुद्दा मान्य करून त्याने पाचवं प्रकरणच उडवलं. लॉकपेक्षा सरळ माणूस.

मी जन्मांध आहे, हे स्क्रीन रीडरवर ऐकून लिहितोय, आणि माझं मत जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझकडे झुकतं. तो म्हणाला, समोर गोळा आणि ठोकळाच आहे हे आधी सांगितलं, तर विचार करून ओळखता येईल. गोळ्याला कोपरा नाही, ठोकळ्याला आठ आहेत. ही भूमिती बोटांनी शिकलो म्हणून बोटांपुरतीच राहत नाही. इंग्रज गणिती सॉन्डरसन वर्षाचा असताना देवीने आंधळा झाला आणि १७११ मध्ये केंब्रिजमध्ये न्यूटनच्याच गादीवर गणिताचा प्राध्यापक झाला. प्रकाशशास्त्रही शिकवायचा.

बाकी, सगळे विचारतात आम्हाला बघून ओळखता येईल का. तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हातात ब्रेलचा कागद दिला तर? ठिपके छापलेले पाहून ओळखत असाल तरी बोटाखाली नुसती खरखर लागते. आमच्या शाळेत नवीन येणारे डोळस शिक्षक दरवर्षी यात नापास होतात.

चष्म्याचा_नंबर
लायब्निझची अट महत्त्वाची आहे. लॉकचा माणूस पहिल्या नजरेत सांगणार आहे, लायब्निझचा विचार करून. दोघं वेगळ्या प्रश्नांना उत्तर देतायत. पण दिल्लीच्या मुलांना एक आकार चाचपायला देऊन दोनच पर्याय दाखवले होते, त्यातला एक बरोबर असणारच. तरी ५८. पट्टी निघाल्यावर 'कोपरा' कसा दिसतो हेच माहीत नसेल तर मोजायचं काय?

ब्रेलवाचक
त्या आकारांत फरक बारीक असेल तर मी अजून हटत नाही. गुळगुळीत गोळा आणि टोकदार ठोकळा देऊन बघायला हवं.

शेवटचा_बाक_टीवायबीए
पेपर मंगळवारी आहे. काय लिहू?

चष्म्याचा_नंबर
पाचवं आणि नववं प्रकरण समोरासमोर ठेव, मग बर्कली. दिल्ली शेवटी दोन ओळींत. 'सिद्ध होतो' तेवढं लिहू नकोस.