रातांधळेपणात नुसत्या गाजरावर विसंबू नये

संध्याकाळी चाचपडणाऱ्या मुलाला महिनाभर गाजराचा रस देऊन पाहावा, असे आधीच्या प्रतिसादात सुचवले आहे. हेतू चांगला असला, तरी रातांधळेपणा दिसू लागल्यावर महिनाभर थांबणे मला धोक्याचे वाटते. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडले की आधी अंधुक उजेडात दिसेनासे होते, मग डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडून त्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके येतात. इथवर नजर वाचवता येते, पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडून विरघळू लागला, तर गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. म्हणूनच वर्षावरील मुलाला डॉक्टर लगेच जीवनसत्त्व ‘अ’चा २ लाख युनिटांचा डोस देतात, दुसऱ्या दिवशी तेवढाच आणि किमान दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढाच. हा डोस घरच्या घरी, अंदाजाने कधीही देऊ नये. गर्भवतीने तर असे मोठे डोस घेऊच नयेत, कारण गर्भात व्यंग येऊ शकते.

आहाराचे महत्त्व आहेच, विशेषतः प्रतिबंधासाठी. आपल्या गोव्यात तांबडी भाजी (लाल माठ) कांदा-मिरचीवर परतून वरून ओले खोबरे घालतात, ही रीत अगदी योग्य आहे, कारण पाल्यातले कॅरोटीन, ज्यापासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवते, अंगी लागायला स्निग्धांश लागतो. शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, अंडी हेही चालते. शिवाय नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट, हे डोस आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. मुलाला गोवर झाला असेल, तर आधीचे डोस झालेले असले तरी डॉक्टरांना पुन्हा अवश्य विचारावे.