सह्याद्रीला ‘पश्चिम घाट’ का म्हणायचं?

सह्यवेडा: मुलाच्या भूगोलाच्या वहीत ‘पश्चिम घाट’ वाचलं आणि खटकलं. मराठीत घाट म्हणजे डोंगर ओलांडायची वाट. बोरघाट, आंबाघाट, नाणेघाट. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलात की शेवटी दोन्हीकडे कातळ आणि मधून चिंचोळी घळ, वर तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. घाट तो! युरोपियनांनी वाटेचं नाव अख्ख्या रांगेला दिलं आणि आपण ते भाषांतर करून परत घेतलं. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखात ‘सह्य’ कोरलाय, अठराशेहून जास्त वर्षांपूर्वी. तेच नाव पुस्तकात हवं.

दक्षिणवारा: त्याच लेखात ‘मलय’, म्हणजे दक्षिण टोकाकडचा डोंगर, वेगळा कोरलाय, तेही सांगा. पुराणातल्या सात कुलपर्वतांतही सह्य वेगळा, मलय वेगळा. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किमीची रांग, सहा राज्यं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, केरळातलं आनमुडी २,६९५. सगळ्याला सह्याद्री म्हणणं म्हणजे मलय पुसणं. २०१२ मध्ये युनेस्कोने ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यांत ‘सह्याद्री’ हे फक्त कास, कोयना, चांदोली, राधानगरी या गटाचं नाव आहे.

सह्यवेडा: युनेस्कोचे गट कामाच्या सोयीचे. मल्याळी लोक आपल्या डोंगरांना सह्यपर्वतच म्हणतात. कोडगूत उगम पावणाऱ्या कावेरीला ‘सह्यजा’ म्हणतात. हे नाव एकट्या मराठी माणसाचं नाहीच, म्हणून तर सगळ्यांना चालेल.

घाटाखालची: सह्य म्हणजे ‘सोसण्याजोगा’ एवढंच शाळेत सांगतात. ‘सह्’ धातूला मात करणे, जिंकणे हाही अर्थ आहे, तो या कड्यांना जास्त शोभतो. पण दादा, घाट म्हणजे नुसती वाट हे मला पटत नाही. माझी आजी कोकणातली. आत्याचं लग्न साताऱ्याकडे झालं, तर आजी म्हणायची, “लेक घाटावर दिली.” तिथे घाट म्हणजे वाट नव्हे, वरचा सगळा मुलूख. सह्याद्री हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तिचा शब्द परका कसा?

सह्यवेडा: ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ‘घाटावर’, ‘घाटमाथा’ आमच्याकडेही रोज बोलतात. घाट परका नाही, मान्य. माझी तक्रार ‘पश्चिम’वर राहील. कोकणातून पाहिलं तर तो डोंगर पूर्वेला आहे.