कॉस्कोची वर्गणी वसूल होते का? (अनुभव धागा)

केळफूल
परवा आईला घेऊन कॉस्कोत (इथलं अमेरिकेतलं वर्गणी भरून शिरायचं घाऊक दुकान) गेले होते. बाहेर पडताना दारातल्या माणसाने पावती बघितली, गाडीत एक नजर टाकली आणि मार्करने रेघ ओढली. आई एकदम म्हणाली, "अगंबाई, ही तर आपली ग्राहक पंचायत!"

मी तिथेच हसत सुटले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची. आमच्या ठाण्याच्या घरी आई सभासद होती. आजूबाजूच्या काही घरांचा मिळून एक संघ, महिन्याच्या यादीचा कागद भरून द्यायचा आणि ठरलेल्या दिवशी सगळ्या संघाचं सामान एकाच घरी उतरायचं. आमच्याकडे पाळी असली की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. तूरडाळ, गूळ, साबण, दंतमंजन. बायका घरागणिक ढीग लावायच्या, मी यादी वाचायचे आणि भाऊ पेन्सिलीने टिक करायचा. एकदा आमची शिकेकाई शेजारच्या काकूंच्या ढिगात गेली. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी परत आणून दिली, पण फोडून, "वास बघितला फक्त" म्हणून. आई अजून ते विसरलेली नाही.

तर मुद्दा. पुढच्या महिन्यात आमचं रिन्यूअल आहे. एक्झिक्युटिव्ह म्हणजे वरच्या दर्जाचं कार्ड, वर्षाला १३० डॉलर. २००९ पासून न चुकता भरतोय. तेव्हा घरात दोन मुलं होती आणि आठवड्याला दोन गॅलन दूध लागायचं. आता थोरली नोकरीच्या गावी, धाकटा ऑगस्टपासून डॉर्ममध्ये. उरलो आम्ही दोघं. आई सप्टेंबरपर्यंत आहे, पण तिचं खाणं चिमणीएवढं. पालकाचा तो डबा निम्मा कुजतो आणि मग मी नवऱ्यावर चिडते, की तू स्मूदी का पीत नाहीस.

नवरा म्हणतो बंद कर. आईला आधी "दुकानात शिरायचेसुद्धा पैसे?" असा धक्का बसला होता, पण वर्गणी म्हटल्यावर पटलं.

कॉस्को, किंवा सॅम्स, बीजेज अशी वर्गणीवाली दुसरी दुकानं, काहीही चालेल. गणितं सांगा, फजिती सांगा.

ढब्बू_मिरची
तूप. चर्चा संपली.

निवांत_नानू
गणित मागितलंय म्हणून. साधं गोल्ड स्टार ६५, एक्झिक्युटिव्ह १३०. सप्टेंबर २०२४ च्या आधी ६० आणि १२० होतं. एक्झिक्युटिव्हवर २ टक्के परत मिळतात. म्हणजे जास्तीचे ६५ वसूल व्हायला वर्षाला ३२५० ची खरेदी हवी, महिन्याला साधारण २७१. सगळेच्या सगळे १३० परत हवे असतील तर ६५००.

आणि त्यात गॅस (गाडीचं पेट्रोल) धरत नाहीत! फूड कोर्टही नाही. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक गॅस धरून हिशेब करतात आणि रिवॉर्ड आलं की तोंड पाडून बसतात.

चिंगी
शाळेच्या पिकअपच्या रांगेतून लिहितेय, चुका पोटात घाला.

मंडळाच्या गणपतीला श्रीखंडाचं काम माझ्याकडे होतं. दीडशे माणसं. इथे चक्का कोण बांधत बसणार, ग्रीक योगर्टचे मोठे बारा डबे आणले. आदल्या रात्री साखर घालून घोटायला घेतलं तर सातव्या डब्यापासून काहीतरी वेगळाच वास. बघते तर पाच डबे व्हॅनिला!!! घाईत उचलले मीच, दोष कुणाला देणार. रात्री साडेअकरा, दुकान बंद. नवरा म्हणाला वेलची वाढव. वाढवली. जायफळ वाढवलं. केशर घातलं. तरी व्हॅनिला आपला जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी इथली मुलं तिसऱ्यांदा घेऊन गेली. एका आजोबांनी मात्र वाटी खाली ठेवून विचारलं, "हे आइस्क्रीम वितळलंय का?"

रांग पुढे सरकली, नंतर येते

सोनटक्का
चिंगी, मेले हसून! पण ग्रीक योगर्ट पण फडक्यात तासभर बांध ग, फार फरक पडतो.

वरणफळ
तासभर कशाला, रात्रभर.

सोनटक्का
रात्रभराने फार घट्ट होतो असं माझं मत. असो, आपण विषयावर येऊ.

पाटील_डल्लासवाले
आम्ही चार रूममेट होतो, एमएस करताना. कार्ड एकाचं, आणि एकाच पत्त्यावरच्या अजून एकाला दुसरं कार्ड फुकट मिळतं. ४.९९ ची भाजलेली कोंबडी रविवारी आणायची. पहिल्या दिवशी तशीच, दुसऱ्या दिवशी रस्सा, तिसऱ्या दिवशी हाडांचं सूप म्हणून जे काही व्हायचं ते.

चौथा मित्र शाकाहारी, सदाशिव पेठेतला. त्याचं म्हणणं, वर्गणीत माझा चौथा हिस्सा कशाला, मी फक्त टॉयलेट पेपर वापरतो. मग एक्सेल शीट. ३० रोल भागिले चार. त्यावर दुसरा म्हणाला, तू जास्त वापरतोस. पुढचं लिहीत नाही, इथे बायकामाणसं आहेत.

त्याच्या लग्नात आम्ही तिघांनी त्याला तीस रोलचा गठ्ठा दिला. गिफ्ट रॅप करून.

चिंगी
"इथे बायकामाणसं आहेत" हाहा. बायकामाणसंच आणतात हो ते रोल.

जास्वंद_ह्यूस्टन
केळफूल, डॉर्मचं वाचून पोटात कालवलं ग. आमचा मागच्या वर्षी गेला. त्याच्या आवडीचं सीरियल, ते दोन पिशव्यांचं मोठं खोकं, मी दोन वेळा आणून ठेवलं, घरात कुणी खात नसताना. शेवटी चिवड्यात घालून संपवलं. बरा लागला चिवडा.

टपालपेटी
कॉस्को की कॉस्टको? मधल्या ट चं काय करायचं?

पाटील_डल्लासवाले
ट आहे, पण तो घरीच असतो, बाहेर पडत नाही.

उंबरठा_सिअ‍ॅटल
मी इसाक्वात राहतो. कंपनीचं मुख्यालय इथेच. पहिलं दुकान १९८३ चं, सिअ‍ॅटलला. कर्कलंड हे इथलं शेजारचं गाव. पूर्वी मुख्यालय तिथे होतं म्हणून त्यांच्या मालाला ते नाव पडलं. वर्गणीची कल्पना मात्र जुनी, सॅन डिएगोच्या प्राइस क्लबची. १९७६, विमानांच्या जुन्या हँगरमध्ये. तिथे सुरुवातीला फक्त धंदेवाल्यांनाच प्रवेश होता. १९९३ ला दोघे एकत्र आले.

केळफूलच्या आईंची तुलना अगदीच वावगी नाही. मालावर १४-१५ टक्क्यांच्या वर चढवायचं नाही असा यांचा दंडक आहे, बराचसा नफा वर्गणीतून येतो. फरक एवढाच की पंचायतीत गोणी कार्यकर्ते उचलायचे, इथे आपण.

निवांत_नानू
आणि कंबर आपली जाते.

लिंबलोण
मी उलट्या बाजूची. शिकागो, एकटी, गाडी नाही, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मैत्रिणीच्या नादाने कार्ड घेतलं. पहिल्याच फेरीत बटाट्यांची गोण, तेलाचे दोन कॅन आणि एक तंबू. तंबू का घेतला मला आजही सांगता येणार नाही. टॅक्सीचे २८ डॉलर गेले. डाळी, पोहे, रवा, कडधान्यं या गोष्टी माझ्या देशी दुकानातच चांगल्या मिळतात आणि तेवढ्याच लागतात मला. तीन महिन्यांनी काउंटरवर जाऊन नको म्हटलं, त्यांनी वर्गणी पूर्ण परत केली, एक प्रश्न न विचारता. त्यामुळे घेऊन बघायला काही जात नाही.

तंबू आहे अजून. कोणाला हवाय का?

पाटील_डल्लासवाले
किती माणसांचा?

लिंबलोण
सहा.

दगडूशेठ_नव्हे
पुण्याहून. तुमची मजा आहे बुवा. आमचं आपलं डी-मार्ट, वर्गणी नाही, फी नाही. कार्डवाला प्रकार म्हणाल तर मेट्रो कॅश अँड कॅरी. २००३ पासून भारतात आहे, आता २०२३ पासून रिलायन्सकडे. तिथे पैसे नको होते पण धंद्याचा कागद लागायचा. आमच्या काकांचं स्टेशनरीचं दुकान. त्यांच्या कार्डावर आम्ही घरचं सगळं आणायचो. आत्याच्या मंगळागौरीला पेपर प्लेट आणायला काकांना दुकान बंद करून यायला लावलं होतं. काकांनी बिलावर लिहिलं, "स्टेशनरी".

थेम्सकाठ
इंग्लंडातही कॉस्को कोणालाही मिळत नाही बरं का. धंदा हवा, नाहीतर ठरावीक क्षेत्रातली नोकरी. शिक्षक, आरोग्यसेवा, बँक वगैरे. स्थळ बघताना मुलगा एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) आहे म्हटल्यावर माझी मावशी इथे म्हणाली होती, "चला, कॉस्कोचं कार्डही आलं."

सोनटक्का
थेम्सकाठ, मग जमलं का लग्न?

थेम्सकाठ
अकरा वर्षं झाली. कार्ड वापरते मीच.

वाफाळता_चहा
सॅम्सबद्दल कुणीच बोलेना म्हणून. मी घेतलं तेव्हा साधं कार्ड ५० ला होतं. फोनवरच स्कॅन करत जायचं, पैसे तिथेच भरायचे, कॅशच्या रांगेत उभं राहायचं नाही. दोन लहान पोरं घेऊन जाणाऱ्या बाईला हे किती मोठं सुख आहे ते तिलाच विचारा. घराजवळ जे असेल ते घ्यावं. ४० मिनिटं गाडी हाकून २० सेंट वाचवणाऱ्यांना माझा दंडवत.

घड्याळजी
खुणा सांगून ठेवतो, नवीन लोकांना उपयोग होईल. कॉस्कोत किमतीच्या शेवटी .९७ असेल तर त्या दुकानाने स्वतः कमी केलेली किंमत. पाटीच्या कोपऱ्यात चांदणी असेल तर तो माल पुन्हा मागवणार नाहीत, आवडीचा असेल तर दोन उचला. टीव्ही, लॅपटॉप परत करायला ९० दिवस, बाकी बहुतेक वस्तूंना मुदत नाही. क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालतं, आमचे बाबा दरवेळी दुसरंच काढतात आणि मागची रांग सुस्कारे सोडते.

सोनटक्का
भारतवारीच्या आधी माझी यादी: ३ पौंडाच्या बदामाच्या पिशव्या, मल्टिव्हिटॅमिन, फिश ऑइल, चॉकलेट. दर वेळी विमानतळावर बॅग उघडून बदाम पर्समध्ये. सासूबाई म्हणतात, अगं कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा कॅलिफोर्नियाचेच मिळतात. पण नाही नेले तर "या वेळी बदाम नाही आणलेस?"

दगडूशेठ_नव्हे
आणि ते फिश ऑइल. आमच्या कपाटात २०१९ च्या तीन बाटल्या आहेत. देणाऱ्याला सांगू नका.

केळफूल
अरे वा, किती लिहिलंत! एकेकाला उत्तर देते.

जास्वंद, ते चिवड्याचं वाचलं आणि फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. माझ्याकडे त्याच्या ग्रॅनोला बारचं अख्खं खोकं आहे.

नानू, तुमच्यामुळे ॲप उघडून बसले. मागच्या वर्षी मुलगा घरी असूनही खरेदी २९०० च्या आसपास. २ टक्के म्हणजे ५८. जास्तीचे ६५ सुद्धा सुटले नाहीत! आणि मी इतकी वर्षं रिवॉर्ड आलं की लॉटरी लागल्यासारखी नाचायचे. गॅसचं वेगळं धरलं. नवरा घरून काम करतो, टाकी दोन आठवड्यांनी भरते, १२ गॅलन. आमच्याकडे कॉस्कोच्या पंपावर गॅलनमागे साधारण २५ सेंटचा फरक पडतो, म्हणजे फेरीला ३ डॉलर, वर्षाला ७८. साध्या कार्डाचे ६५ तेवढ्यातच निघतात. तेव्हा गोल्ड स्टारवर उतरतोय. नवऱ्याला तोंडी कळवलंय, मान हलवली.

पण खरी गंमत वेगळीच. आईने शनिवारी आमच्या गल्लीतल्या दोन घरांना, एक नागपूरचे, एक तेलुगू, परस्पर विचारलं की कांदे-बटाटे वाटून घ्यायचे का. मला पत्ताच नाही. मी येते तर गॅरेजमध्ये माझा स्वयंपाकघरातला काटा, खाली वर्तमानपत्र, तीन ढीग, आणि आई वहीत टिक करतेय. तेलुगू मावशींना मराठी येत नाही, आईला तेलुगू येत नाही, दोघी अर्धा पाव कांद्यावरून बोटांनी घासाघीस करत होत्या. पालकही तीन वाटण्यांत गेला, पहिल्यांदाच एक पान वाया गेलं नाही. हिशेब मात्र डॉलरमध्ये लिहायला ती तयार नाही, "रु." असंच लिहिते.

उंबरठा_सिअ‍ॅटल
काकूंना माझा नमस्कार सांगा.

ढब्बू_मिरची
वहीचा फोटो टाका.

केळफूल
आई नाही म्हणतेय. अक्षर बिघडलंय म्हणे.

लिंबलोण
सप्टेंबरनंतर वही कोण सांभाळणार?

केळफूल
नागपूरवाल्या आत्ताच मागून बसल्यात. आईने अजून दिलेली नाही.

वरणफळ
धागा वर काढतेय. ढब्बू_मिरची, तुपाचं लिहून पळालात. अनसॉल्टेड बटरचा तो चार पौंडांचा गठ्ठा एकदम कढवायचा की थोडा थोडा? बाकीचं फ्रीझरमध्ये चालतं का?

ढब्बू_मिरची
चालतं. एका वेळी दोनच पौंड घ्या, मोठं जाड बुडाचं पातेलं, मंद आच. आणि फोन हातात घेऊ नका. मी आत्ता घेतलाय आणि बेरी करपतेय