चेटकिणींनी मॅकबेथला बिघडवले, की तो बिघडायला तयारच होता?

तिसरी घंटा
"शेक्सपिअरचा मॅकबेथ मुळात निष्ठावंत होता, वाटेत त्या तीन चेटकिणी भेटल्या नसत्या, तर डंकन राजाची चाकरी करीतच तो म्हातारा झाला असता," असे काल इथे एका सदस्याने लिहिले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. चेटकिणी त्याला ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि भावी राजा म्हणून हाक मारतात. राजाला मार, असे त्या कोठेही सांगत नाहीत. खुनाचे चित्र त्याच प्रवेशात मॅकबेथच्या स्वतःच्या मनात उभे राहते आणि त्याचे त्यालाच भय वाटते. शिवाय कॉडॉरची सरदारकी डंकनने आधीच्या प्रवेशात देऊन टाकलेली असते. प्रेक्षकांना ते ठाऊक असते, मॅकबेथला नसते. जी केवळ उशिरा पोहोचलेली बातमी होती, तिला तो दैवाची साक्ष समजतो, कारण त्याला तसे समजायचेच असते. त्याचा सोबती सरदार बँको याचे वंशज राजे होतील, हे भविष्य बँकोनेही तिथेच उभे राहून ऐकले होते. त्याने खंजीर उचलला का?

विंगेतून
बँकोचा दाखला आपण सोयीपुरता अर्धाच दिला आहे. खुनाच्या रात्री तोच सांगतो की त्याला चेटकिणींचे स्वप्न पडले, आणि मनात येणारे दुष्ट विचार आवरण्यासाठी तो दैवी शक्तींची प्रार्थना करतो. तिसऱ्या अंकाच्या आरंभी त्याला मॅकबेथचा दाट संशय असतो, पण वाणी माझ्याही बाबतीत खरी का ठरू नये, या आशेने तो गप्प बसतो. म्हणजे वाणीने त्यालाही सोडलेले नाही. राहिला मॅकबेथ: मी काही वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आहे आणि अनुभवाने सांगतो की नटाला पात्राचा पूर्वेतिहास पुरत नाही, त्याला क्षण लागतो. चेटकिणींचे शब्द ऐकून तो दचकतो, इतकी शुभ वार्ता ऐकून घाबरलास का, असे बँको विचारतो, आणि तो क्षण जन्माचा म्हणून वठवला नाही, तर पुढचे चार अंक कोरडे जातात.

गिरगावकर
क्षणाच्या गोष्टी कोणाला सांगता? उपनगरातल्या एका नाट्यगृहात हेच नाटक पाहिले, तेव्हा धुराच्या यंत्राने पहिले दोन प्रवेश गिळले आणि मागच्या रांगांत फक्त खोकला ऐकू आला. ज्या मुंबईत साहित्य संघाने शिरवाडकरांचे 'राजमुकुट', म्हणजे याच नाटकाचे मराठी रूपांतर, १९५४ साली उभे केले, तिथे भविष्यवाणी म्हणजे धूर आणि हिरवा दिवा, अशी समजूत रुजावी, याचा संताप येतो. वाणी ऐकूच आली नाही, तर ती काय जागवणार?

कीर्तनप्रेमी
आपल्याकडे याहून जुना दाखला असताना कोणालाच कंस कसा आठवत नाही, याचे नवल वाटते. देवकीचा रथ तो स्वतः हाकत असतो, आकाशवाणी होते, आणि बहिणीची वरात पोहोचवणारा भाऊ तिच्यावरच तलवार उपसतो. वाणीने महत्त्वाकांक्षा जागते, हा सिद्धान्तच अपुरा आहे. वाणीने भय जागते.

तिसरी घंटा
कंसाला मृत्यू सांगितला होता, मॅकबेथला मुकुट. दोन्हींना एकाच मापाने मोजणे हा उथळपणा आहे.

कीर्तनप्रेमी
उथळपणा कोणाचा, ते तिसरा अंक उघडून पाहावे. मुकुट मिळाल्यावर बँकोच्या वंशाची वाणी मॅकबेथला टोचू लागते, तो बँकोच्या मुलावर मारेकरी घालतो, मुलगा निसटतो, आणि पुढे विरोधात गेलेल्या मॅकडफ सरदाराची निरपराध लेकरे मारली जातात. हा कंस नाही तर कोण? भविष्याचे जे वाक्य सोयीचे ते खरे करायचे आणि जे गैरसोयीचे ते खोटे पाडायचे, हा खटाटोप दोघांचाही सारखाच आहे.

गिरगावकर
हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागेल, जरी सांगण्याची पद्धत प्रवचनाची असली तरी. माझ्या मामांना एका ज्योतिषाने राजयोग सांगितला आणि त्यांनी चांगली नोकरी सोडून पालिकेची निवडणूक लढवली. अनामत रक्कम गेली, मामी आजही त्या ज्योतिषाला शिव्या देतात. वाणी माणसाला बिघडवते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

तिसरी घंटा
मामा पत्रिका घेऊन गेलेच कशासाठी? नगरसेवकाची खुर्ची मनात नसती, तर राजयोग ऐकून ते हसले असते.

विंगेतून
मामांपुरते आपले म्हणणे शिरसावंद्य. परंतु पहिल्या खेपेस मॅकबेथ चेटकिणींना शोधत गेलेला नाही. चेटकिणीच माळावर त्याची वाट पाहत थांबलेल्या असतात. तो आपल्या पायांनी त्यांच्याकडे जातो चौथ्या अंकात, आणि तेव्हा त्याला मुकुट नको असतो, हमी हवी असते. म्हणून मॅकडफपासून सावध राहण्याचा स्पष्ट इशारा ऐकूनही बर्नमचे अरण्य चालून येईपर्यंत भय नाही, या वाक्यावरच तो विसंबतो. त्या प्रवेशातला मॅकबेथ आपल्या मामांसारखा आहे, हे मी हवे तर लिहून देतो. पहिल्या अंकातला मॅकबेथ मात्र मी आपल्याला देणार नाही.