डाईंगसाठी पाण्याचा हार्डनेस तपासायचाय, ब्युरेट कोणती घेऊ?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड:
नमस्कार. आमचं टॉवेलांचं छोटं डाईंग आहे. बोअरचं पाणी जड, उन्हाळ्यात तर जास्तच. गेल्या महिन्यात मरून रंगाच्या एका लॉटवर डाग पडले. दर वेळी पाणी बाहेर तपासायला देण्यापेक्षा जागेवरच टायट्रेशन (मोजून द्रावण सोडून, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते बघायचं) करावं म्हणतोय. बारावीत केलं होतं तेवढंच. दुकानदार तीन दरांच्या ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची खुणांची काचेची नळी) दाखवतो. कोणती घेऊ?

प्रॅक्टिकलवाली:
दादा, 50 मिलीची, बोरोसिलिकेट काचेची, टेफ्लॉन कॉकची (खालच्या तोटीची) घ्या. काचेच्या कॉकला ग्रीस लागतं आणि कधी कॉस्टिक भरून धुवायचं राहिलं तर कॉक घट्ट बसतो. फिरवताना माझ्या हातून अशा दोन मोडल्या आहेत.

अचूकतेच्या 'ए' क्लासला 0.05 मिलीची चूक चालते, 'बी'ला 0.1. तुम्ही 50 मिली पाणी घेऊन 0.01 मोलर ईडीटीए (पाणी जड करणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम पकडणारं रसायन) वापरणार, म्हणजे ब्युरेटच्या आकड्याला 20 ने गुणलं की हार्डनेस पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग). 0.1 मिली म्हणजे फक्त 2 पीपीएम. 'बी' भरपूर झाली. उरलेले पैसे चांगल्या पिपेटवर (पाणी मोजून घ्यायच्या नळीवर) घाला. कोनिकल फ्लास्क साधा चालतो, त्यात काही मोजायचं नसतं.

निवृत्त लॅब असिस्टंट:
ताईंशी सहमत. ब्युरेट आणली की एकदा तपासा. 30 अंशांचं डिस्टिल्ड पाणी 10 मिली सोडून वजन करा, 9.95 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. काचेवर 27 अंश की 20 अंश छापलंय तेही बघा, त्या तापमानाला तिचं माप बरोबर असतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये द्रावण फुगतं. 27 वरून 40 अंशांवर गेलं की साधारण 0.4 टक्के. तुमच्या कामाला ते फार नाही, पण बाटली सावलीत ठेवा, आणि प्लास्टिकचीच घ्या. काचेतलं कॅल्शियम ईडीटीएत उतरतं.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड:
खूप आभार दोघांचे. रंग नेमका कधी बदलला हे मला ओळखायला येईल का? बारावीत तिथंच चुकायचो.

प्रॅक्टिकलवाली:
येईल. आधी अमोनिया बफर (पीएच कायम ठेवणारं द्रावण) घाला, पीएच 10 लागतो, खिडकी उघडी ठेवा. मग चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, हाच रंग बदलून दाखवणारा इंडिकेटर. पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीए सोडत जा, शेवटी जांभळट दिसायला लागलं की थेंब थेंब सोडा, प्रत्येक थेंबानंतर हलवून थोडं थांबा. लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला की तिथंच कॉक बंद. खाली पांढरा कागद ठेवा. इंडिकेटर मात्र द्रावण करून ठेवू नका, लवकर खराब होतं. मिठात घोटून कोरड्या डबीत ठेवा.