नाताळच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन फ्रान्स: चार शहरं जमतील का?

हिंडलगा_रोड:
नमस्कार मंडळी. २३ डिसेंबर ते १ जानेवारी फ्रान्सला जायचा बेत आहे. मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ चा. पॅरिस, स्ट्रासबुर्ग, लियाँ, नीस असं मनात आहे. बेळगावहून बेंगळुरू, तिथून पॅरिस. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. रेल्वे, खाणं, व्हिसा, थंडी यांत कुठं अडकायला होतं ते सांगा.

शहापूरकर:
चार नकोत, दोनच शहरं करा. डिसेंबरअखेरीला पॅरिसमध्ये उजाडायला पावणेनऊ होतात आणि पाचला अंधार. त्यात धाकटा दुपारी झोपणार. शहर बदललं की बॅगा, स्टेशन, हॉटेलच्या वेळा यांत अख्खा दिवस जातो. नीस पॅरिसहून टीजीव्हीनं (तिकडची वेगवान रेल्वे) जवळपास सहा तास, ते आधी काढून टाका.

स्ट्रासबुर्गचा नाताळ बाजार १५७० पासूनचा, सुंदरच आहे, पण तो बहुतेक वर्षी २४ डिसेंबरला मिटतो. शिवाय स्ट्रासबुर्ग ज्यात येतं त्या आल्सास आणि शेजारच्या मोझेल भागात २५ बरोबर २६ लाही सार्वजनिक सुट्टी असते, उरलेल्या फ्रान्समध्ये नसते. तुमच्या तारखांना दुकानं बंद आणि बाजार उठलेला. शाळेनं चार-पाच दिवस आधी सोडलं तर स्ट्रासबुर्ग आधी आणि मग पॅरिस. नाहीतर लियाँ धरा: पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनहून दोन तास, फूर्व्हिएरच्या टेकडीवर जायला फ्युनिक्युलर (चढावर दोरानं ओढली जाणारी गाडी), आणि तेत द'ऑर बागेतलं प्राणिसंग्रहालय फुकट. मुलांना एवढं पुरतं.

तिकिटाचं बघा. ४ वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट, पण वेगळी सीट ९ युरोत मिळते, ती घ्याच. ४९ युरोचं आव्हांताज कार्ड (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) काढलं तर मोठ्यांना ३० टक्के आणि सोबतच्या ४ ते ११ वर्षांच्या मुलांना ६० टक्के सूट. दारं गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. कधी दोन गाड्या जोडून धावतात आणि एकीतून दुसरीत जाता येत नाही, म्हणून डब्याचा नंबर बघूनच चढा.

खानापूर_वेस:
दादा, व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला ४५, धाकट्याला काही नाही. केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज चालतो. नाताळच्या गर्दीत तारीख मिळत नाही, तेव्हा सप्टेंबरातच उरका. विमा निदान ३०,००० युरोचा लागतो. १२ वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलांच्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या हव्यात. जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

बाबागाडी हलकी, एका हातानं मिटणारी घ्या आणि तिचं प्लास्टिकचं पावसाळी कव्हर विसरू नका. पॅरिसच्या मेट्रोत बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, नुसते जिने. १४ नंबरची लाईन सोडली तर बसनंच फिरा. बसचा तळ खाली असतो आणि बाबागाडीला जागाही असते.

कॅम्पातली_सई:
ताटाचं मी सांगते. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. तिकडची उपाहारगृहं रात्रीचं जेवण सातनंतर देतात, तोवर मुलं रडकुंडीला येतात. सहाला घरी मऊ भात आणि तिथलं साधं दही, 'याऊर्त नात्युर', हे पुरे. किश लोरेन (अंड्याचा खारा पाय) आणि आल्सासच्या तार्त फ्लांबेमध्ये (पिझ्झासारखी पातळ रोटी) डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. तार्त मागताना 'सां लार्दों' म्हणायचं, म्हणजे ते न घालता देतात. रंगीत चिकट गोळ्यांत बहुधा जिलेटिन (प्राण्यांपासूनचं) असतं, वेष्टन वाचा. पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात तमिळ दुकानं आहेत. डाळ, तांदूळ, इडली, डोसे मिळतात.

औषधाचं नीट लक्षात घ्या. तिथलं पॅरासिटॅमॉलचं डोलिप्रान सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ असतं आणि त्याच्या पिपेटवर (औषध मोजून द्यायच्या नळीवर) मुलाच्या वजनाचे किलो छापलेले असतात. आपल्याकडे ५ मिलीत २५० मिग्रॅचं सिरपही मिळतं. ते त्या पिपेटनं दिलं तर डोस दुप्पट होतो. ज्याचं सिरप त्याचंच माप वापरा.

कपडे: एकच जाड स्वेटर नको, पातळ थर चढवा. आत सगळीकडे हीटर, बाहेर दोन-चार अंश. कोट न काढता मेट्रोत बसवलं की मूल घामेजतं आणि बाहेर आल्यावर गारठतं. लोकरीचे हातमोजे ओले होतात, वॉटरप्रूफ घ्या.

हिंडलगा_रोड:
नीस काढलं, लियाँ ठरवतो. तिकडच्या नातेवाइकांना कुंदा न्यायचा होता, चालेल?

कॅम्पातली_सई:
नाही हो. बाहेरून येणारे दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपियन युनियनमध्ये आणू देत नाहीत. कुंदा, पेढे, तूप, तिन्ही जप्त होतात. ताजा कढीपत्ताही नको. भाजणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा खुशाल न्या, फक्त चिवड्यात दूध पावडर नाही ना ते बघा.